समुद्रावर नंदादीप

साहेबरावांनी मारलं त्याला. नाव घेऊनच सांगतो, साहेबराव, माझे सख्खे चुलते, वडिलांचे थोरले भाऊ, मार्गासनीच्या पिठाच्या गिरणीचे मालक, गावात पहिला रामराम ज्यांना जातो ते. आणि चोरून नाही मारलं, अंघोळ करून, धूत धोतर नेसून, कपाळाला कुंकू लावून मारलं, आणि वर खोबऱ्याचा प्रसाद वाटला! तो प्रसाद मीही खाल्ला, तेवढी माझी चूक, मान्य. पण बाकीची सगळी त्यांची.

कुणाला मारलं म्हणता? माणसाला नाही हो, माणसाला मारलं असतं तर वेल्ह्याहून फौजदार आला असता, पंचनामा झाला असता, निदान चार माणसं हळहळली तरी असती. पोवळ्याला मारलं. जिवंत पोवळं. अंगठीतलं नव्हे, समुद्रातलं, माझ्या हाताच्या पंजाएवढा गोळा, तपकिरी, अंगभर बारीक तोंडं असलेला, काचेच्या टाकीत, आमच्या माजघरात, समुद्रापासून घाटाच्या अलीकडे, जिथं खारं पाणी म्हणजे लोणच्याच्या बरणीत साचतं तेवढंच सगळ्यांना माहीत. हसताय तुम्ही. हसा. गावही हसलं.

तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडलेला माणूस आहे. नापास झालो नाही, सोडलं. पुण्यात दीड वर्ष सायन्सला होतो, तिथं जीवशास्त्र म्हणजे काय, तर बाटलीतला बेडूक, बाटलीतला साप, बाटलीतला मासा, सगळे मेलेले, सगळे पिवळे पडलेले, आणि त्यांच्याकडे बघून शिकवणारे मास्तर तसेच पिवळे पडलेले. जिवंत कुणीच नव्हतं त्या इमारतीत. एक खांबेटे सर सोडून. त्यांनी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची एक टाकी केली होती, आणि मी तासाला न बसता त्या टाकीपाशी बसायचो. हजेरी भरली नाही, प्राचार्यांनी बोलावलं, चार शब्द सुनावले, मी पाच सुनावले, आणि बाडबिस्तरा घेऊन एस.टी.नं घरी आलो.

निघताना सर म्हणाले, चिमाजी, दिवाळीनंतर या टाक्या सांभाळायला माणूस घेणार आहेत, कायमची जागा आहे, डिग्री लागत नाही, हात लागतो. तू घरी समुद्र जगवून दाखव. हा गोळा घेऊन जा, मालवणहून आणलाय, दसऱ्यानंतर मी बघायला येईन. जिवंत असला तर जागा तुझी.

एवढंच. जिवंत ठेवायचं. कुणाला मारायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही, कुणाच्या शेतातून पाट काढायचा नाही. एक जीव चार महिने जिवंत ठेवायचा. आमच्या घरात तेवढंही जमू दिलं नाही.

पाणी कसं आणलं, विचारा. भोरच्या बाजाराला कोकणातनं सुकी मासळी घेऊन ट्रक येतो वरंध्याच्या घाटानं, त्यावरचा ड्रायव्हर ज्ञानू, त्याला पटवला. बोंबील उतरवायला त्याला हमाल लागायचा, तर मी हमाल झालो, आठवड्याला एक दिवस अंगाला बोंबलाचा वास आणि बदल्यात हर्णैच्या समुद्राचे चार कॅन. टाकी सागवानी चौकटीची, सांध्यांना डामर, चार फूट लांब, भोरच्या एका सुतारानं करून दिली, त्याला वाटलं मी शवपेटी करतोय. पाण्यात हवा सोडायला ट्रकची जुनी ट्यूब. सकाळ-संध्याकाळ सायकलच्या पंपानं ती फुगवायची आणि बारीक नळीनं हवा पाण्यात सोडायची, बुडबुड, बुडबुड. सगळं जमलं होतं हो! पाणी जमलं, हवा जमली, त्यात सोडलेले दोन मासेही तगले. राहिला काय, तर उजेड.

आणि उजेड म्हणजे साहेबराव.

कारण गिरणीला विजेची मोटर आहे. गावात वीज आली तेव्हा पहिलं कनेक्शन साहेबरावांनी घेतलं, गिरणीवर मोठा लाल खटका बसवला, आणि त्या दिवसापासून वीज म्हणजे साहेबरावांच्या घरची सून झाली, तिच्याविषयी दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. फ्यूज उडाला तर वायरमनला बोलवायच्या आधी साहेबराव वायरकडे बोट करून दहा मिनिटं बोलणार. मी गेलो, तात्या म्हटलं, कारण तोंडावर तात्याच म्हणावं लागतं, म्हटलं तात्या, टाकीवर मोठा दिवा लागेल, दिवसभर, दहा तास.

त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गिरणीत शेण दळायला मागतोय.

"चिम्या, उजेडाचं मला शिकवू नको."

बस. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे चार महिने मी एवढंच ऐकलं. ते म्हणाले, दिवसा कुणी दिवा लावतो का, दिवा लागतो अंधारात, माशाला डोळे आहेत, दिसतंय त्याला, आणि खिडकी काय झोपा काढायला ठेवलीय का. खिडकी! जून महिना, आमच्याकडं पाऊस लागला की खिडकीतनं उजेड येत नाही, पाणी येतं. पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, माणसाला आपल्याच हाताचा रंग विसरायला होतो, आणि हे मला खिडकी दाखवतात!

मी त्यांना सरांनी शिकवलं तसं समजावलं, शांतपणे, लहान पोराला समजवावं तसं. म्हटलं तात्या, या गोळ्याच्या अंगात, अगदी कातडीच्या आत, बारीक बारीक हिरवट वनस्पती राहतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या उजेडावर अन्न शिजवतात आणि गोळ्याला वाढतात. उजेड नाही तर चूल नाही. दिवसा हे असं चालतं. आणि अंधार पडला की गोळा आपली तोंडं उघडतो, बारीक बोटं बाहेर काढतो, पाण्यातनं वाहत येणारं धरून खातो. त्याला दिवस पाहिजे आणि रात्रही पाहिजे. दोन्ही. बरोबर निम्मं निम्मं.

साहेबराव म्हणाले, म्हंजे तुझ्या दगडाला दोन टायमाचं जेवण, आणि कॉलेज सोडून आलेल्या पुतण्याला पण दोन टायमाचं, आणि दोघांचा खर्च माझ्यावर. माझे वडील, सोपानराव, शेजारीच बसले होते. माझ्या वडिलांनी थोरल्या भावासमोर तोंड उघडलेलं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, जांभई आली तरी ते बाहेर जाऊन देतात.

शेवटी साहेबरावांनी उपकार केले. झीरोचा बल्ब दिला. झीरोचा! निळा! देवापुढं लावतात तो! तो टाकीवर लावला आणि सगळ्यांना बोलावून दाखवला, कसा समुद्रासारखा निळा दिसतोय बघा. दिसत होता, नाटकातला समुद्र दिसावा तसा. गोळा आठ दिवसांत आक्रसला, रंग उतरला, तोंडं मिटली. मी म्हटलं उपाशी मरतोय, उजेड कमी पडतोय. तर म्हणे, आरं झोपलाय त्यो, निळ्या उजेडात झोप चांगली लागती, उजेडाचं मला शिकवू नको.

मग मी भांडलो. भांडलो म्हणजे भांड्यांची आदळआपट केली, दोन वेळ जेवलो नाही, धोंडाबाई काकी, म्हणजे साहेबरावांची बायको, तिनं मध्ये पडून त्यांना सांगितलं की पोरगं वाळतंय, द्या काय ते. तेव्हा त्यांनी गिरणीतला शंभराचा बल्ब आणून दिला. पिठानं माखलेला. तो लावला पाण्यावर वीतभर अंतरावर, आणि दुपारपर्यंत टाकी अशी तापली की धोंडाबाईनं बोट घालून बघितलं आणि म्हणाली, बाळंतिणीच्या अंघोळीला चालंल. दोन निळे मासे होते माझे, त्यातला एक त्या दिवशी उलटा तरंगला. बल्बला उजेड कमी आणि आग जास्त, हे मी सांगत होतो, पण ऐकतो कोण? साहेबराव म्हणाले, जास्त पायजे म्हणालास, दिलं, आता जास्त झालं म्हणतोस, तुझं एकदा काय ते ठरव. माझं! माझं ठरलेलंच होतं हो पहिल्या दिवसापासून! ट्यूब पाहिजे, चार फुटी ट्यूब, दोन, थंड उजेड, पांढरा, टाकीच्या लांबीएवढा!

मधे वडिलांनी गुपचूप एक गोष्ट केली, ती सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सगळ्यांनाच झोडतो. त्यांनी टाकीच्या वरचं एक कौल काढून तिथं काचेचं कौल बसवलं. एक शब्द बोलले नाहीत, शिडी लावली, बसवलं, उतरले. पाऊस उघडला तर त्यातनं तासभर असं स्वच्छ ऊन पडायचं टाकीत, की गोळ्याचं प्रत्येक तोंड दिसावं. चार दिवस. चौथ्या दिवशी साहेबराव त्या उन्हात उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले गळंल. म्हणजे गळत नव्हतं, गळंल! दुसऱ्या दिवशी काच निघाली आणि मातीचं कौल परत बसलं. बसवलं कुणी? वडिलांनीच. शिडी लावली, बसवलं, उतरले. एक शब्द नाही.

मग ट्यूबा मीच आणल्या. बोंबलाची हमाली आठवड्याला एक दिवसाची तीन दिवस केली, पुण्याला गेलो, दोन ट्यूबा, चोक, स्टार्टर, पट्ट्या, सगळं घेऊन एस.टी.त मांडीवर आडवं धरून आलो. नसरापूरपर्यंत एक म्हातारा मला विचारत होता, वरातीला नेताय का म्हणून. लावल्या. खटका दाबला. आणि काय?

लुकलुक.

लुकलुक, लुकलुक, लुकलुक... पेटेनात! का पेटेनात? कारण गिरणी चालू! गिरणीची मोटर चालू असली की सगळ्या आळीचा विजेचा दाब पडतो, बल्ब लाल होतात, आणि ट्यूब नुसती डोळे मिचकावत बसते. मी पळत गिरणीवर गेलो, तात्या, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं मोटर बंद करा, ट्यूब एकदा पेटली की मग दाब पडला तरी पेटलेली राहते. साहेबरावांनी हात झटकले. पीठ माझ्या तोंडावर उडालं. म्हणाले, गिरणी दगडासाठी बंद करू? कामथडीहून बाया आल्यात दळण घेऊन, त्यांना सांगू, बायांनो थांबा, आमच्या चिमाजीच्या दगडाला उजेड घ्यायचाय? गिरणी थांबत न्हाई. बाप मेला तवा थांबली न्हाई.

आणि हे खरं आहे. आजोबा गेले त्या दिवशीही दुपारनंतर गिरणी चालू होती.

मग मी काय केलं, तर गिरणी नवाला सुरू होते, मी साडेआठला ट्यूबा पेटवायला लागलो. पेटल्या की दिवसभर थोड्या मिणमिणत्या का होईना चालायच्या. संध्याकाळी साडेसहाला बंद. रोज, न चुकता, दहा तास. गोठ्यातलं काम, शेतातलं काम, हमाली, सगळं या दोन वेळांच्या मधे बसवलं. आणि तुम्हाला सांगतो... श्रावण संपेतो गोळ्यानं रंग धरला. तपकिरी, मग त्यात सोनेरी. संध्याकाळी ट्यूब बंद केली, माजघर अंधारलं की तासाभरात त्याच्या अंगावर बारीक लव उभी राहायची, शेकडो तोंडं उघडायची. मी सुक्या कोळंबीचा भुगा चिमटीनं सोडायचो आणि ती बोटं तो धरायची, ओढायची, गिळायची. माझ्या हातनं खात होता तो! माझ्या घरात माझ्या हातनं घेऊन कुणी समाधानानं खाल्लेलं मी दुसरं पाहिलं नाही.

सरांना पत्र टाकलं. सरांचं कार्ड आलं, शाब्बास, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, प्राचार्यांशी बोलणं झालंय.

कार्ड घरात सगळ्यांनी वाचलं. साहेबरावांनी दोनदा वाचलं. मला वाटलं चला, आता तरी यांना कळलं. अहो, कळलं नव्हतं. त्यांना भलतंच काहीतरी सुचलं होतं.

सर्वपित्री अमावास्येला साहेबराव माजघरात आले, टाकीसमोर उभे राहिले. ट्यूबांचा उजेड, पाणी चकाकतंय, बुडबुडे, गोळा सोनेरी. बराच वेळ बघितलं. मग देवघराकडे बघितलं. आमचं देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा, काळामिट्ट, दिव्याच्या काजळीनं आणखी काळा झालेला. मग परत टाकीकडे बघितलं. आणि धोंडाबाईला म्हणाले, औंदा घट हितं बसवायचा.

इथं! टाकीच्या शेजारी! ट्यूबेखाली!

मला आधी कळलंच नाही हो. मी म्हटलं बसवा, जागा आहे. मीच पाट सरकवून दिला, मीच वावरातली माती आणून दिली! घट मांडला, माती पसरली, धान्य पेरलं, पहिली माळ चढली, टाकीच्या काचेलाही धोंडाबाईनं हळदीकुंकू लावलं. आरती झाली. साडेसहा वाजले. मी उठलो आणि सवयीनं खटक्याकडे हात नेला.

"हात काढ," साहेबराव म्हणाले. "नंदादीप हाय त्यो."

तुम्हाला कळतंय ना? घटाचा अखंड दिवा! नऊ दिवस विझू द्यायचा नाही! तेलाचा दिवा म्हणजे वारा येतो, उंदीर वात नेतो, रात्री कुणीतरी जागं राहून तेल घालायचं. दर वर्षी धोंडाबाईची झोप जायची. साहेबरावांनी शोध लावला, की विजेचा नंदादीप! ना तेल, ना वात, ना काजळी. दगडासाठी पाच मिनिटं ज्यांना जड गेली, दिवसा दिवा कशाला म्हणून ज्यांनी चार महिने माझं डोकं खाल्लं, त्या माणसानं नऊ दिवस नऊ रात्री दोन ट्यूबा अखंड जाळायचं ठरवलं, आणि कशावर? माझ्या टाकीवर!

मी पाया पडलो. खरंच पडलो, मला लाज नाही सांगायला. म्हटलं तात्या, याला रात्र पाहिजे, अंधारातच हा जेवतो, उजेडात तोंड उघडत नाही, उपाशी मरेल. तर साहेबराव हसले. म्हणाले, पहिल्यांदा उजेड कमी पडतो म्हणून रडलास, आता जास्त झाला म्हणून रडतोस. आणि देवीच्या नऊ दिवसांत सगळेच उपाशी राहत्यात, त्यो राहिला तर पुण्य लागंल त्याला. उजेडाचं मला शिकवू नको.

सगळेच उपाशी राहतात! काय राहतात? सकाळी साबुदाणा, दुपारी रताळी, संध्याकाळी शेंगदाण्याची आमटी आणि भगर, मधे मधे केळी, राजगिऱ्याचे लाडू. साहेबरावांचं पोट नवरात्रात वाढतं हो! आख्ख्या मार्गासनीत नऊ दिवसांचा कडक उपास कुणी केला असेल तर त्या एका पोवळ्यानं.

मी म्हटलं थांबा, लाईट जाईल. एरवी आमच्याकडं लाईट दिवसातनं दोनदा जाते, कधी चार-चार तास येत नाही. जाईल, गोळ्याला अंधार मिळेल. पहिली माळ, दुसरी माळ, तिसरी माळ... नाही गेली! पाऊस नाही, वारा नाही, तारांवर एक कावळा बसेना! मग म्हटलं पेटलेली ट्यूब दाबानं सहसा विझत नाही, पण गिरणीची मोटर चालू झाली की एखादे वेळी विझेलही. तर काय केलं असेल साहेबरावांनी? गिरणी बंद! नऊ दिवस! दाब पडून नंदादीप विझू नये म्हणून! बाप मेला तेव्हा जी थांबली नाही ती गिरणी ट्यूबेसाठी थांबली, बाया डोक्यावर पाट्या घेऊन नसरापूरला दळायला गेल्या, आणि सगळं गाव म्हणालं, काय ही भक्ती!

मी गोधडी टाकली. टाकी आणि ट्यूब यांच्या मधे फळी टाकून वर गोधडी. धोंडाबाईनं ती काढली, दिव्यावर सावली घालतोस, कुठं फेडशील म्हणाली. मग चोरून स्टार्टर काढले. तुम्हाला माहीत आहे का, पेटलेल्या ट्यूबेचा स्टार्टर काढला तरी ती पेटतच राहते? मला माहीत होतं. तरी काढले. माणूस हताश झाला की माहीत असलेलंही करून बघतो. हातात दोन स्टार्टर घेऊन मी उभा, आणि वर दोन्ही ट्यूबा मजेत चालू.

चौथ्या माळेला फ्यूज काढला. तीन मिनिटं अंधार झाला असेल, तेवढ्यात साहेबराव गिरणीवरची गॅसबत्ती पेटवूनच आले! तयार ठेवली होती! टाकीला चिकटवून धरली, वायरमनसारखा स्वतः फ्यूज घातला, आणि त्या दिवसापासून मेन स्विचखाली घोंगडी टाकून बसले. बसणं, जेवणं, झोपणं, सगळं तिथं. आणि आल्यागेल्याला सांगायचं, पुतण्यानं देवीचा दिवा इझवला, कॉलेजात हेच शिकवत्यात.

पाण्याला तोवर हिरवी झाक आली होती. ऑक्टोबरचं ऊन बाहेर, ट्यूबा आत, काचेवर शेवाळ, गोळ्यावर बुळबुळीत तार. पाचव्या माळेला मी ठरवलं, टाकी त्यांची असू दे, दिवा त्यांचा असू दे, माझा गोळा मी बादलीत काढतो, गोठ्यात अंधारात ठेवतो, ट्रकची ट्यूब तिकडं नेतो. काढलासुद्धा! बादलीत ठेवला, वर पोतं टाकलं, दारापर्यंत गेलो.

दारात वडील उभे.

म्हटलं आबा, सरका. सरकले नाहीत. म्हटलं आबा, मरतोय तो, आणि माझी नोकरी मरतेय. त्यांनी बादलीत बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, ज्या माणसानं न बोलता काचेचं कौल बसवलं, तो आता न बोलता बाजूला होईल. आणि माझ्या वडिलांनी तोंड उघडलं. उभ्या जन्मात एकदा, आणि ते तेव्हा.

"घट बसल्यावर घटापासचं काय हलवत न्हाईत, बाळा. दादा म्हणालाय. ठेव माघारी."

मी त्यांना काय बोललो ते सांगत नाही. बापाला बोलू नये ते बोललो. कौल तुमच्याच हातांनी काढलंत, आता हेही तुमच्याच हातांनी करा, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. त्यांनी माझ्या हातातनं बादली घेतली, आत गेले, गोळा टाकीत ठेवला, हात पुसले, शेतावर गेले.

सहावी माळ, सातवी माळ, आठवी माळ. मी टाकीसमोर बसून असायचो. बाया दर्शनाला यायच्या, विजेचा नंदादीप बघायला मार्गासनीच्याच नव्हे तर आसपासच्या गावच्या बाया, घटाला नमस्कार करायच्या, टाकीला करायच्या, एकीनं तर मलाही केला. गोळ्याचं सोनेरी गेलं, तपकिरी गेलं. आत राहणाऱ्या त्या वनस्पतींनी, ज्या त्याला शिजवून वाढायच्या, त्यांनी घर सोडलं. पांढरा पडला तो. शंखासारखा. दसऱ्याला घट हलले, साहेबरावांनी नारळ फोडला, आणि स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर, ट्यूबेचा खटका बंद केला. माजघरात अंधार झाला. मी वाकून बघितलं, तासभर बघितलं. एक तोंड उघडलं नाही.

साहेबराव माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी गॅसबत्ती वर धरली, टाकीत बघितलं, आणि खरंच आनंदले हो, मनापासून, लबाडी नव्हती त्यात, तेच तर मला सहन होत नाही.

"बघ कसा पांढराशुभ्र झालाय," म्हणाले. "आला तवा कसा मातकट होता."

दुसऱ्या दिवशी खांबेटे सर आले. साहेबराव त्यांना न्यायला फाट्यावर गेले, फेटा बांधून. पुरणपोळी झाली. मग साहेबरावांनीच त्यांना माजघरात नेलं आणि सगळं सांगितलं, विजेचा नंदादीप, नऊ दिवस, गिरणी बंद, एक मिनिट उजेड कमी पडू दिला नाही म्हणाले. सर ऐकत होते. चष्मा काढला, पुसला, घातला, टाकीत हात घालून गोळा बाहेर काढला, वास घेतला आणि परत ठेवला. सर सभ्य माणूस. साहेबरावांना काहीही बोलले नाहीत. उलट जेवण छान होतं म्हणाले! वयस्कर माणसं एकमेकांशी कशी बोलतात बघा, मधे एक मेलेला जीव पडलाय आणि हे पुरणाचं कौतुक करतायत!

फाट्यापर्यंत मी सोडायला गेलो. सगळं सांगितलं. झीरोचा बल्ब, शंभराचा बल्ब, कौल, गोधडी, स्टार्टर, फ्यूज, बादली. सरांना सगळं पटलं. मान हलवत होते. म्हणाले, तुझी चूक काहीच नाही, उजेडाचं तुझं गणित बरोबर होतं. मी म्हटलं मग? एस.टी. दिसायला लागली होती लांबून.

"चिमाजी, तिथं प्राचार्य आहेत, हेडक्लार्क आहे, शिपाई आहे, सगळे तुझ्यापेक्षा मोठे. प्रत्येकाला वाटतं दिव्याचं आपल्याला कळतं. मला असा माणूस पाहिजे, ज्याचा हात खटक्यावरनं कुणी काढू शकणार नाही."

मी म्हटलं सर, मी प्राचार्यांना पाच शब्द सुनावले होते. सर म्हणाले, हो, आणि त्यानं एक तरी दिवा बंद झाला का?

एस.टी. आली, सर चढले, खिडकीतनं हात केला. मी त्यांच्यावरही चिडलोय, सांगून ठेवतो. चार महिने माझ्या घरातल्या म्हाताऱ्यांशी मी एकटा लढलो, यांनी एक दिवस येऊन त्यांच्या पंगतीला बसून निकाल दिला.

घरी आलो. साहेबराव गिरणीच्या दारात उभे होते, नऊ दिवसांचं दळण तुंबलं होतं, बायांची रांग कामथडीच्या दिशेनं लागलेली. त्यांनी मला विचारलं, सायेब काय म्हणाले? मी सांगितलं, नाही म्हणाले. साहेबरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, त्यांचं नशीब, आणि पाट्या आत घ्यायला सांगितल्या.

घेतल्या मी. जागा नगरकडच्या एका पोराला मिळाली. त्याला चार वर्षं झाली. मी गिरणीवर असतो.